अर्धा ठसा : वास्कोच्या एका तपासाचं प्रकरण

फोंड्यात संध्याकाळी कायद्याच्या मुलांचा एक छोटा वर्ग घेतो. पुराव्याच्या कायद्यावर आलो की पिशवीतून चार वस्तू काढतो. घरचा स्टीलचा पेला, टाल्कम पावडरचा डबा, मऊ ब्रश आणि चिकटपट्टी. एकेकानं पेला उचलायचा, पाणी प्यायल्यासारखं करायचं, खाली ठेवायचा. मग त्यावर पावडर भुरभुरवायची, ब्रश हलका फिरवायचा, चिकटपट्टी लावून ठसा उचलायचा आणि काळ्या कागदावर डकवायचा. गेल्या खेपेला नऊ मुलं होती. ठसा म्हणावा असा दोघांचाच उठला आणि त्यातला एक अंगठ्याच्या कडेचा, नखाला लागून असलेला. बाकीच्यांचा नुसता फराटा. साखळीहून येणारा एक मुलगा म्हणाला, "सर, टीव्हीवर तर लगेच मिळतो." मी म्हटलं, "टीव्हीवरचा पेला आधी कुणीतरी घासून ठेवलेला असतो."

हा खेळ झाल्याशिवाय मी वास्कोच्या प्रकरणाला हात घालत नाही. कारण त्या प्रकरणात सगळं अडलं ते अशाच अर्धवट ठशापाशी.

जानेवारी २०१३ मध्ये वास्कोतल्या एका शाळेच्या आवारात सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. त्याचा तपशील इथे देत नाही, या लेखाला त्याची गरजही नाही. गोवा तेव्हा पेटून उठला होता. तपास पुढे सीबीआयकडे गेला. घटनास्थळी सापडलेले बोटांचे ठसे त्यांच्या हाती होते. पोलिसांच्या भाषेत त्यांना 'चान्स प्रिंट' म्हणतात. कुणी मुद्दाम दिलेले नाहीत, जाता जाता उमटलेले. ते कुणाचे, हा प्रश्न होता. आणि त्याच सुमारास गोव्यातली बहुतेक माणसं रांगेत उभी राहून आपली दहाही बोटं सरकारला देत होती. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या सुमारे १४.५८ लाख. एवढ्याशा राज्यात एवढी मोठी आधार नोंदणी. सीबीआयनं आधार प्राधिकरणाकडे गोव्यात नोंदलेल्या सगळ्यांचा बायोमेट्रिक डेटा, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे अंगच्या खुणांची नोंद, मागितला. ऑक्टोबर २०१३ मध्ये वास्कोच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो द्या असा आदेश दिला.

त्यात माझे ठसे होते. माझ्या आईचेही.

आईची नोंदणी मला लख्ख आठवते. पंचायतीच्या सभागृहात टेबल, लॅपटॉप, काचेचं छोटं यंत्र, आणि एका खासगी एजन्सीचा विशीतला मुलगा. डावी चार बोटं, उजवी चार, मग दोन्ही अंगठे. आईची बोटं काही केल्या येईनात. पन्नास वर्षं नारळ किसून, मासळी साफ करून, राखेनं भांडी घासून रेषाच राहिल्या नव्हत्या. मुलानं ओल्या फडक्यानं बोटं पुसायला लावली, मग स्वतः तिचा हात धरून काचेवर दाबला. चौथ्या खेपेला यंत्रानं 'चालेल' म्हटलं. बाहेर पडताना आई म्हणाली, "मी सातवी शिकलेली बाई. सही करते म्हटलं तर म्हणतो, नको, अंगठाच हवा." ती चिडली होती आणि तिला हसूही येत होतं. जुन्या काळी अंगठेबहाद्दर ही शिवी होती. आता सही करणाऱ्यालाही अंगठा द्यावा लागतो.

हे सगळं आम्ही कशासाठी केलं? गॅससाठी. १ जून २०१३ पासून गॅसचं अनुदान थेट बँकेत जमा करायची योजना देशातल्या निवडक जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात उत्तर गोवा होता. फोंडा तालुका तेव्हा उत्तर गोव्यातच होता. रांगेतल्या कुणाच्याही डोक्यात पोलीस, फौजदारी, तपास असलं काही नव्हतं.

तरीही खरं सांगायचं तर ऑक्टोबरात ती बातमी वाचली तेव्हा मला काहीच खटकलं नाही. माझी मुलगी त्याच वयाची होती. कर नाही त्याला डर कशाला, असं मी चहाच्या टपरीवर चारचौघांत मोठ्यानं म्हटलं. मी वकील, आणि पुराव्याचा कायदा शिकवतो. एका बड्या वकीलमित्रानं फक्त एवढंच विचारलं, "तू लष्करात आहेस का?" तेव्हा मला तो प्रश्न कळला नाही. कळायला मध्ये काही महिने आणि बरंच वाचन गेलं.

त्याचं म्हणणं असं होतं. आधी सगळ्या वस्तीचे ठसे घ्यायचे, मग गुन्ह्याच्या जागी मिळालेला ठसा त्या ढिगाशी ताडून बघायचा, ही पद्धत नागरी राज्यकारभाराची नाही. ती आली रणांगणावरून. आणि तिथे ती का आली हे समजून घेतल्याशिवाय वास्कोत ती का अडली ते कळत नाही.

२१ डिसेंबर २००४ रोजी इराकमधल्या मोसुलजवळच्या अमेरिकी तळावर, भर जेवणाच्या वेळी, खानावळीच्या तंबूत आत्मघाती स्फोट झाला. २२ जण मेले. हल्लेखोर इराकी सुरक्षा दलाच्या गणवेशात आला होता. गणवेश, ओळखपत्र, ओळखीचा चेहरा, यातलं काहीच पुरेसं नाही हे त्या दिवशी लष्कराला कळलं. त्यानंतर तळावर कामाला येणाऱ्या प्रत्येक स्थानिकाचे ठसे आणि बुबुळं नोंदवून मगच आत सोडायची व्यवस्था उभी केली गेली. त्याच हिवाळ्यात इराकमधल्याच फलुजाची लढाई संपल्यावर शहरात परतणाऱ्या रहिवाशांना चौकीवर थांबवून त्यांची बोटं आणि डोळे यंत्रात घेतले जात होते. मग कार्ड, मग प्रवेश. पुढे हातात मावेल अशी यंत्रं आली. सैनिक गस्तीवर जाता जाता भेटेल त्याची नोंद करू लागले. २०११ च्या सुमारास अमेरिकी लष्कराकडे सुमारे ११ लाख अफगाण आणि २२ लाख इराकी लोकांच्या नोंदी होत्या. सगळं शेवटी वेस्ट व्हर्जिनियातल्या एका मध्यवर्ती साठ्यात जाऊन पडायचं.

दुसरं टोक प्रयोगशाळेत होतं. रस्त्याकडेला पेरलेला बॉम्ब निकामी केला की त्याचे तुकडे, तारा, विशेषतः चिकटपट्टीची आतली बाजू तपासायची. चिकटपट्टी लावताना बोट चिकटतंच. हातमोजे घालून पट्टी सहज सोडवता येत नाही, हे कुणीही एकदा करून बघावं. तो ठसा साठ्याशी जुळला की नाव यादीत चढायचं. मग तो माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्याच जिल्ह्यात एखाद्या नाक्यावर सापडायचा.

आणि ही पद्धत चालते. हे मान्य न करणारे टीकाकार मला पटत नाहीत. एप्रिल २०११ मध्ये कंदाहारच्या सारपोझा तुरुंगातून तालिबानी बोगद्यातून पळाले, पावणेपाचशेच्या आसपास. काही दिवसांतच त्यातले पस्तीसेक परत पकडले गेले. नाक्यांवर, सीमेवर, जिथे यंत्र होतं तिथे बोट ठेवायला लावलं, आणि तुरुंगात असताना घेतलेली नोंद बोलली. नाव बदललं होतं, दाढी काढली होती, गाव खोटं सांगितलं होतं. बोट बदलता आलं नाही.

पण हे यश कशावर उभं होतं? पळालेल्यांचे ठसे तुरुंगातच, दहाही बोटांचे, पूर्ण घेतलेले होते. नाक्यावरही जिवंत माणूस समोर उभा होता, त्याला पुन्हा पूर्ण बोट ठेवायला लावता येत होतं. पूर्ण ठसा पूर्ण ठशाशी. हे सोपं काम. वास्कोत यातलं काहीच नव्हतं. होता तो अर्धा ठसा आणि समोर लाखो माणसं.

इथे पेल्याचा खेळ उपयोगी पडतो. तज्ज्ञ ठशाचा गोल किंवा शंखाचा आकार पाहून थांबत नाहीत. रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते, दोन रेषांमध्ये छोटं बेट कुठे आहे, असे बिंदू ते मोजतात. पोलीस ठाण्यात आरोपीचे ठसे घेताना शाई लावून प्रत्येक बोट नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळवतात, म्हणजे कडाही कागदावर येतात. गुन्ह्याच्या जागी माणूस वस्तू हवी तशी धरतो, म्हणून उमटलेला ठसा बऱ्याचदा कडेचा किंवा टोकाचा असतो. आधारची नोंदणी मात्र चार-चार-दोन अशी सपाट. बोट काचेवर ठेवलं, दाबलं, झालं. कडा त्यात येतच नाहीत. त्यात ती नोंद करणारा न्यायवैद्यक तज्ज्ञ नव्हता. एजन्सीचा ऑपरेटर होता, ज्याला दिवसाचा कोटा पुरा करायचा होता. माझ्या आईसारख्या कितीजणांचे हात धरून त्यानं दाबले असतील, ते त्यालाच ठाऊक. आधारला एकच प्रश्न विचारायचा होता : हा माणूस आधी नोंदवलेला आहे का? नंदुरबारच्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला पहिला क्रमांक दिला गेला, तेव्हापासून यंत्रणा त्या एका प्रश्नासाठी बांधली गेली.

म्हणून आधार प्राधिकरणानं आदेश पाळण्याऐवजी वरच्या कोर्टात धाव घेतली. इथेच हे प्रकरण वेगळं होतं. खासगीपणासाठी लढणाऱ्यांचा आधारवरचा खटला आधीपासून वेगळा चालू होता. इथे नकार दिला तो ज्याच्याकडे डेटा होता त्यानंच, आणि समोर होती केंद्राचीच तपास यंत्रणा. सरकार विरुद्ध सरकार. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं फेब्रुवारी २०१४ मध्ये मधला मार्ग काढला. हा साठा घटनास्थळच्या ठशांशी ताडण्याच्या लायकीचा तरी आहे का, हे केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या तज्ज्ञाकडून आधी तपासून घ्यावं. मला विचाराल तर आदेश शहाणपणाचा होता. पण प्राधिकरणाला एवढंही दार उघडायचं नव्हतं, म्हणून ते याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलं. एकदा 'लायकीचा आहे' असं उत्तर आलं की देशातलं प्रत्येक पोलीस ठाणं रांगेत उभं राहणार, हे त्यांना दिसत असणार.

सुनावणीच्या काळात एक आकडा फार फिरला. ०.०५७ टक्के. प्राधिकरणाच्याच जानेवारी २०१२ च्या अहवालातला. तेव्हा साठ्यात ८.४ कोटी नोंदी होत्या. नवा माणूस आला की त्याची नोंद त्या सगळ्यांशी ताडली जायची, आणि तो नवा असूनही 'हा आधीच आहे' असं चुकून ठरण्याचं प्रमाण होतं ०.०५७ टक्के. दहा हजारांत पाच-सहा. हा आकडा लोकसंख्येनं गुणून लाखो निरपराध माणसं संशयित ठरतील, असं म्हटलं गेलं. हा गुणाकार मी वर्गात करू देत नाही. तो दर साठ्यातल्या प्रत्येक नोंदीमागचा नसून येणाऱ्या प्रत्येक माणसामागचा आहे. शिवाय तो दहा बोटं आणि दोन्ही बुबुळं हाताशी असताना मिळालेला आहे. एका बोटाच्या अर्ध्या ठशाला तो लावताच येत नाही. पण या चुकीच्या गणिताच्या आड एक बरोबर भीती होती. बारा खुणा असताना एवढी चूक होते, तर अर्ध्या खुणेला काय होईल? जेवढी माहिती कमी आणि ढीग मोठा, तेवढे 'बरेचसे जुळणारे' लोक जास्त.

आणि 'बरेचसे जुळणारा' माणूस म्हणजे काय, हे तोवर एकदा दिसून चुकलं होतं. ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, १९० हून अधिक माणसं मेली. स्टेशनाजवळ उभ्या असलेल्या एका व्हॅनमध्ये डेटोनेटर (बॉम्बचा स्फोट घडवणारा भाग) असलेली प्लास्टिकची पिशवी सापडली, तिच्यावर अर्धवट ठसा. स्पेननं तो एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेला पाठवला. त्यांच्या यंत्रानं जवळपास जुळणाऱ्या वीस जणांची यादी दिली. त्यात ओरेगॉन राज्यातला एक वकील होता. त्याचे ठसे साठ्यात होते कारण तो पूर्वी अमेरिकी लष्करात होता. आपल्याच लष्कराची नोकरी केली म्हणून तो यादीत आला, हे मुलांना सांगितलं की वर्गात थोडी शांतता पसरते. तज्ज्ञांनी एकामागून एक मान डोलावली, खुद्द त्याच्या बाजूनं कोर्टानं नेमलेल्या तज्ज्ञानंही. तो मुसलमान झाला होता. वकील म्हणून त्यानं एका दहशतवाद प्रकरणातल्या आरोपीचा मुलाच्या ताब्याचा दावा चालवला होता. मग काय, ठसा आणखीच जुळायला लागला. स्पॅनिश पोलीस एप्रिलपासून सांगत होते की हा तो नाही. मे महिन्यात त्याला पकडून दोन आठवडे आत ठेवलं. शेवटी स्पेननं तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवलं, तेव्हा सोडलं. २००६ मध्ये अमेरिकी सरकारनं माफी मागितली आणि २० लाख डॉलर दिले.

कर नव्हती त्याची. डर असायला हवी होती.

हे वाचलं तेव्हा टपरीवरचं माझं वाक्य मला आठवलं. मी वकील, माझा ठसा साठ्यात, आणि वास्कोत माझी अशिलं आहेत. त्या शाळेच्या आसपास मी त्या महिन्यात किती वेळा गेलो असेन, कोण जाणे. जुळला असता माझा ठसा 'बराचसा', तर ही बाकीची माहिती कुणीतरी शेजारी मांडली असतीच.

२४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला. आधार क्रमांक मिळालेल्या कुणाचाही बायोमेट्रिक डेटा त्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्या कुठल्याही यंत्रणेला द्यायचा नाही. आधार नाही म्हणून कुणाला सेवा नाकारायची नाही, हेही त्याच आदेशात. प्राधिकरणाची ही याचिका पुढे आधारच्या मोठ्या खटल्याला जोडली गेली. वास्कोचा अर्ध्या ठशाचा प्रश्न देशाच्या खासगीपणाच्या प्रश्नाच्या पोटात गेला, आणि मग त्याच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. त्या मुलीच्या घरच्यांना या सगळ्याचं काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांना न्याय हवा होता आणि त्यांच्या नावावर देशभर वेगळाच निवाडा लागला. हे अवघड आहे आणि मी ते सोपं करून सांगत नाही.

मुलं विचारतात, मग लष्कराचं बरोबर आणि सीबीआयचं चूक, असं का? मी वास्कोचंच उदाहरण देतो. विमानतळावर जाताना दाबोळीला आयएनएस हंसाची भिंत लागते. नौदलाच्या तळात जाणाऱ्याची ओळख गेटवर पटवली जाते, यात कुणाला वावगं वाटत नाही. आत जाणारी माणसं मोजकी, कारण ठरलेलं, आणि देणाऱ्याला माहीत असतं की मी हे नौदलाला देतोय. मोसुलनंतर तळाच्या दारात लावलेलं यंत्र याच जातीचं. फलुजातल्या नाक्यावरच्या माणसानं संमती दिली असं म्हणणं थट्टा होईल, पण आपण कुणाच्या हातात बोट देतोय हे त्याला समोर दिसत होतं. माझ्या आईला ते दिसत नव्हतं. तिच्या लेखी ते गॅसवाल्याचं काम होतं.

आणि लष्कराचं बरोबर, असंही मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी फौजा निघाल्या तेव्हा ती हातातली यंत्रं तालिबानच्या हाती पडल्याच्या बातम्या आल्या. ज्या अफगाणांनी दुभाषी म्हणून, तळावरचे कामगार म्हणून ठसे दिले होते, त्यांचं काय? पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या एका सुरक्षा संशोधकानं ईबेवर असं एक जुनं यंत्र ६८ डॉलरला विकत घेतलं. आतल्या कार्डात २,६३२ लोकांची नावं, फोटो, बुबुळं आणि ठसे तसेच होते. यंत्र शेवटचं वापरलं गेलं होतं २०१२ मध्ये, कंदाहारजवळ. पासवर्ड बदलता येतो, सिमकार्ड फेकून देता येतं. त्या २,६३२ जणांनी काय फेकायचं?

हे वाचल्यावर मी एक केलं. आधी मुलांचे काळे कागद मी पुढच्या वर्षी दाखवायला ठेवून घेत असे, मागे नावं लिहून. आता वर्ग संपला की ज्याचा त्याला परत देतो.

कायदा पुढे सरकला आहे. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम २९ नं बायोमेट्रिक माहिती कुणालाही देण्यावर बंदी घातली. कलम ३३ नं मात्र राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणासाठी माहिती उघड करायची एक खिडकी ठेवली, त्याला सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याचा हुकूम पुरे होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती खिडकी तशीच ठेवायला नकार दिला. अधिकारी आणखी वरचा हवा आणि सोबत न्यायालयीन अधिकारीही हवा, असं सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनं सहसचिवाच्या जागी सचिव आला. न्यायाधीश आला नाही. दुसऱ्या बाजूनं पोलिसांना स्वतःचा साठा मिळाला. ऑगस्ट २०२२ मध्ये गुन्हेगारांच्या ठशांची राष्ट्रीय यंत्रणा सुरू झाली आणि त्याच वर्षी कैद्यांच्या ओळखीच्या १९२० च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा ओळख कायदा आला. त्यात बुबुळंही घेता येतात आणि नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. तो साठा निदान कशासाठी आहे हे त्याच्या नावातच आहे. बोट देणाऱ्याला कळतं की आपण ठाण्यात आहोत.

परीक्षेत मी दरवर्षी एकच प्रश्न थोडा फिरवून टाकतो. वास्कोतला तोच अर्ज आज आला, फक्त गुन्ह्याऐवजी दाबोळीच्या तळाभोवतीचा घातपाताचा कट आहे, तर काय होईल? बहुतेक मुलं कलम २९ लिहितात, खाली दुहेरी रेघ मारतात आणि थांबतात. ३३ पर्यंत वर्षाला एखादाच पोचतो. गेल्या वर्षी पोचली ती वास्कोचीच मुलगी होती. तिनं उत्तराखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, "सर, पण त्या सचिवाला पेला कोण दाखवणार?" मी तिला पूर्ण गुण दिले, आणि उत्तरपत्रिका पुन्हा तपासणाऱ्या मॉडरेटरनं दोन कापले.